जुन्या खेळाची नव्या यंत्रात प्रतिष्ठापना

गतवर्षी चतुर्थीची सुट्टी संपून शाळा भरली, त्याच दिवशी इयत्ता नववीतील एक विद्यार्थी मधल्या सुट्टीत आमच्यापुढे येऊन उभा राहिला. "सर, खेळ चालूच जायना," एवढेच तो म्हणाला. त्याचा मामा तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीस असणारा. मामाने भाच्यासाठी परदेशाहून 'स्टीम डेक' नावाचे, दोन्ही हातांत धरून खेळावयाचे यंत्र आणले होते. मामा तरुणपणी संगणकावर जो खेळ खेळत असे, तोच या यंत्रावर दोघांनी मिळून खेळावा, असा मामाभाच्यांचा बेत होता. मामाला पुन्हा बोटीवर चढावयास दहा दिवस उरले होते. भाच्याने जुन्या तबकडीवरील फाईल यंत्रात उतरवून घेतली, ती कितीदा तरी दाबून पाहिली. पण खेळ काही उघडेना.

येत्या रविवारी घरी येऊन पाहू, असे आम्ही त्यास सांगितले. तेथे जे केले, जे शिकलो आणि आमच्या हातून जी चूक घडली, ते सर्व विद्यार्थी मित्रांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडीत आहोत.

खेळ कोणता?

खेळाचे नाव 'बिनीथ अ स्टील स्काय'. इंग्लंडमधील रेव्होल्यूशन सॉफ्टवेअर या कंपनीने तो तयार केला आणि १९९४ साली तो प्रसिद्ध झाला. चार्ल्स सेसिल हे त्याच्या कर्त्यांपैकी प्रमुख असून त्यातील देखाव्यांची रेखाटने डेव्ह गिबन्स या नामवंत चित्रकथाकाराची आहेत. भविष्यकाळातील एका पोलादी नगरात आणून सोडलेला रॉबर्ट फॉस्टर हा तरुण आणि जोई नावाचा त्याचा यंत्रमानव मित्र यांची ती कथा आहे. कथेत काही भयानक प्रसंग आहेत. म्हणून अगदी लहान मुलांनी तो वडीलधाऱ्यांच्या सोबतीनेच खेळावा. यात हाताच्या चपळाईपेक्षा डोक्याचे काम अधिक. कोणती वस्तू कोठे उपयोगी पडेल, कोणाशी काय बोलावे, याचा विचार करीत पुढे जावे लागते.

खेळाचे दोन भाग

जत्रेच्या रात्री देवळाच्या मांडवात होणारे मराठी नाटक आपण सर्वांनी पाहिले आहे. नाटकाला दोन गोष्टी लागतात. एक, संहिता, रंगविलेले पडदे आणि गाण्यांची वही. दुसरी, ते सर्व वाचून प्रयोग करणारी मंडळी. संगणकावरील खेळाचेही असेच आहे. चित्रे, संवाद, आवाज व कथानक ही झाली सामग्री. आणि ती सामग्री वाचून पडद्यावर हालचाल घडविणारा प्रोग्रॅम, त्यास 'इंजिन' म्हणतात, ती झाली मंडळी.

आता अडचण अशी की १९९४ सालची मंडळी 'एमएस-डॉस' नावाच्या रंगमंचावरच काम करावयास शिकलेली होती. स्टीम डेकवरील 'स्टीमओएस' ही प्रणाली लिनक्स कुळातील. हा रंगमंच जुन्या मंडळींना सर्वस्वी अनोळखी. भाच्याची फाईल उघडत नव्हती ती याच कारणाने. यंत्र बिघडलेले नव्हते.

यावर तीन उपाय आहेत. पहिला उपाय दुभाष्याचा. घरी आपण कोंकणी बोलतो, वर्गात मराठी. पहिलीच्या वर्गात एखादे मूल गोंधळले तर शेजारी बसलेली ताई त्यास अर्थ सांगते. विंडोजसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमचे बोलणे लिनक्सला समजावून देणारा 'वाईन' हा असाच दुभाषी. त्याचे काम १९९३ साली सुरू झाले आणि त्याच्याच आधारे २०१८ साली 'प्रोटॉन' तयार झाला. स्टीम डेकवर विंडोजचे असंख्य खेळ चालतात ते याच्या बळावर. दुसरा उपाय सोंगाचा. 'डॉसबॉक्स' हा प्रोग्रॅम नव्या यंत्राच्या आत जुन्या संगणकाचे हुबेहूब सोंग आणतो. तिसरा उपाय नव्या मंडळीचा. जुनी सामग्री तशीच ठेवून तिच्यासाठी नवे इंजिन लिहावयाचे. 'स्कमव्हीएम' हा प्रकल्प हेच करतो. लुडविग स्ट्रिगेउस आणि व्हिन्सेंट हॅम यांनी तो २००१ साली आरंभिला. आम्ही हाच मार्ग पत्करला.

हक्काचा प्रश्न

जुना खेळ म्हणजे फुकटचा खेळ, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. आपल्या देशात १९५७ च्या कायद्यान्वये लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो. ही नवी यंत्रे तर कालपरवाची! परंतु या खेळाची गोष्ट निराळी. रेव्होल्यूशन कंपनीने २००३ साली आपण होऊन तो सर्वांस विनामूल्य खुला केला आणि स्कमव्हीएमच्या मंडळींस अभ्यासासाठी मूळ प्रोग्रॅमही दिला. म्हणूनच या पाठासाठी आम्ही तो निवडला. धन्याने दार उघडले असेल तेथेच आपण आत जावे.

प्रत्यक्ष कृती

यंत्रावर स्टीमचे खाते उघडलेले असावे. ते पालकांनी उघडून द्यावे. यंत्र पुरते चार्ज करावे आणि वायफायला जोडावे. नंतर पुढील क्रमाने जावे.

१. 'स्टीम' असे लिहिलेले बटण दाबून 'पॉवर' मध्ये जावे व 'स्विच टु डेस्कटॉप' निवडावे. पडदा नेहमीच्या संगणकासारखा दिसू लागेल. उजव्या हाताच्या चौकोनी पट्टीवर अंगठा फिरविला की बाण हलतो. मागील बाजूचे आर-टू बटण म्हणजे माउसची डावी कळ आणि एल-टू म्हणजे उजवी कळ. ही अदलाबदल नीट ध्यानात ठेवावी. अक्षरे लिहावयाची असल्यास 'स्टीम' व 'एक्स' ही बटणे एकत्र दाबावी. कळफलक वर येतो.

२. 'डिस्कव्हर' नावाचे प्रोग्रॅमचे भांडार उघडावे, त्यात स्कमव्हीएम शोधावा आणि 'इन्स्टॉल' दाबावे.

३. स्कमव्हीएमच्या अधिकृत संकेतस्थळावरून खेळाची सामग्री उतरवून घ्यावी. तिचे फ्लॉपीचे व सीडीचे असे दोन प्रकार आहेत. सीडीच्या प्रकारात पात्रांचे आवाज ऐकू येतात, तो घ्यावा. आलेले गाठोडे 'एक्स्ट्रॅक्ट' करून वेगळ्या फोल्डरात सोडावे. त्यात 'स्काय डॉट डीएनआर' आणि 'स्काय डॉट डीएसके' या दोन फायली आहेत ना, हे पाहावे. पहिली अनुक्रमणिका, दुसरी ग्रंथ. एकीवाचून दुसरी व्यर्थ होय.

४. स्कमव्हीएम उघडून 'ॲड गेम' दाबावे आणि तो फोल्डर दाखवावा. फोल्डर दाखवावयाचा, फाईल नव्हे. पुष्कळांची चूक येथेच होते. आतील फायलींच्या खुणा ताडून पाहून स्कमव्हीएम खेळाचे नाव आपले आपण ओळखतो.

५. डेस्कटॉपच्या यादीत स्कमव्हीएमच्या नावावर उजवी कळ दाबून 'ॲड टु स्टीम' निवडावे. मग 'रिटर्न टु गेमिंग मोड' या चिन्हाने मूळ पडद्यावर यावे. 'लायब्ररी'तील 'नॉन-स्टीम' या भागात स्कमव्हीएम दिसू लागेल.

कळांची वाटणी

हा खेळ माउससाठी रचलेला. म्हणून खेळाच्या पानावरील नियंत्रकाच्या चिन्हात जाऊन माउसची मांडणी निवडावी आणि आर-टू व एल-टू यांस आरंभी सांगितलेलेच काम द्यावे. या खेळात डाव्या कळेने वस्तू नुसती न्याहाळली जाते. उजव्या कळेने ती उचलता किंवा वापरता येते. भाचा अर्धा तास कारखान्यातील एका गजावर डावी कळच दाबीत होता. फॉस्टर गजाकडे पाही, काही बोले आणि स्वस्थ उभा राही. "सर, हा नुसता बघतोच!" असे तो वैतागून म्हणाला. मामाने हसत एल-टू दाबले. गज हाती आला, आणि त्याच गजाने बंद दार उघडले.

आणखी एक गोष्ट. खेळातील प्रगती नोंदविण्याचा तक्ता एफ-फाइव्ह या कळेने उघडतो. यंत्रास ही कळ नाही. म्हणून पाठीमागील एल-फोर या बटणास आम्ही तिचे काम नेमून दिले.

आमच्या हातून घडलेली चूक

पाच रात्री मामाभाचे जेवणे उरकल्यावर खेळले. घरातील आजीसुद्धा शेजारी बसून "आता कुठे पोचला तो?" म्हणून विचारी. सहाव्या दिवशी मामाने एक शंका काढली. त्याच्या आठवणीतील माणसे सडसडीत होती. येथे त्यांचे चेहरे रुंद व बसके दिसत होते. फायली सदोष असाव्यात असा आम्ही तर्क केला आणि सर्व काढून टाकून पुन्हा बसविण्याचे ठरविले. प्रोग्रॅम काढल्यावर, त्याची मागे राहिलेली माहितीही पुसावयाची काय, असे डिस्कव्हरने विचारले. आम्ही प्रश्न नीट न वाचताच होकार दिला.

सर्व पुन्हा बसविले. चेहरे बसके ते बसकेच. आणि पाच रात्रींच्या नोंदी मात्र नाहीशा झालेल्या! त्या नोंदी प्रोग्रॅमच्या माहितीतच एका लपलेल्या फोल्डरात साठविलेल्या होत्या. मुलाच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. मामाचे चारच दिवस उरले होते. आम्हांस काय बोलावे ते सुचेना. तेव्हा मामाने भाच्याच्या पाठीवर हात ठेवून म्हटले, "वाट खबर आसा मरे, परत वचूंया." आमच्या जन्मभर लक्षात राहील असे ते वाक्य होते.

बसक्या चेहऱ्यांचे गणित

घरी परतल्यावर आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. खेळाचे चित्र रुंदीस ३२० व उंचीस २०० ठिपक्यांचे. स्टीम डेकचा पडदा १२८० व ८०० ठिपक्यांचा, म्हणजे दोन्ही बाजूंनी बरोबर चौपट. एका ठिपक्याच्या जागी सोळा ठिपके बसतात आणि पडदा काठोकाठ भरतो. मग चुकले कोठे?

चूक जुन्या पडद्याच्या आकारात दडलेली होती. त्या काळच्या संगणकाच्या पडद्याची रुंदी व उंची यांचे प्रमाण ४:३ असे. ३२० व २०० यांचे प्रमाण मात्र ८:५. तेव्हा जुना पडदा प्रत्येक ठिपका उभा ताणून दाखवी आणि चित्रकार ते गृहीत धरूनच चेहरे काढीत. नव्या पडद्यावरील ठिपका चौरस. म्हणून ताण गेला आणि चेहरे बसले. उपाय सोपा. उंची ८०० ठेवल्यास ४:३ या प्रमाणाने रुंदी सुमारे १०६७ हवी. १२८० मधून ती वजा जाता २१३ उरतात, म्हणजे प्रत्येक बाजूस साधारण १०६ ठिपक्यांची काळी पट्टी. स्कमव्हीएमच्या 'ग्राफिक्स' विभागात 'आस्पेक्ट रेशो करेक्शन' या नावापुढे खूण केली की हे आपोआप घडते. एका खुणेचे काम होते. आम्ही सगळे घर पाडून बसलो होतो.

विजेचा हिशेब

यंत्राच्या २०२२ सालच्या पहिल्या नमुन्यात ४० वॉट-तासांची बॅटरी आहे. २०२३ साली आलेल्या ओलेड नमुन्यात ५० ची. यंत्र २० वॉट खर्च करीत असेल तर ४० वॉट-तास दोन तासांत सरतील. ८ वॉट खर्च करीत असेल तर पाच तास पुरतील. जुन्या खेळास शक्ती थोडी लागते. तीन टिंबांच्या बटणाखाली 'परफॉर्मन्स' मध्ये खर्चाचा आकडा पाहता येतो. पडद्याचा उजेड कमी केल्यानेही बचत होते, आणि डोळ्यांसही बरे वाटते.

यातून काय घ्यावे?

पाच रात्रींत केलेली वाट त्या दोघांनी दोन रात्रींत पुन्हा काटली, कारण कोडी त्यांच्या डोक्यात होती. पुसली गेली ती केवळ नोंद. तथापि नोंदीचेही मोल आहे. म्हणून आता आम्ही हा नियम केला आहे: कोणतीही वस्तू दुरुस्त करण्यापूर्वी तिची प्रत काढावी, यंत्राने प्रश्न विचारला तर तो दोनदा वाचावा, आणि बिघाड कोठे आहे हे कळल्यावाचून काही काढून टाकू नये. डेस्कटॉपवरील फायलींच्या खिडकीत 'शो हिडन फाइल्स' निवडले की लपलेले फोल्डर दिसतात. त्यांतील नोंदींची प्रत पेनड्राईव्हवर ठेवता येते. उत्तरपत्रिकेस, आजीच्या औषधांच्या यादीस आणि घरच्या दस्तऐवजांसही हाच नियम लागू आहे.

मामा ठरल्या दिवशी बोटीवर गेला. पुढचा खेळ भाच्याने एकट्याने पार केला; पण शेवटच्या प्रवेशापाशी येऊन तो थांबला आहे. त्या जागेची नोंद त्याने दोन ठिकाणी जपून ठेवली असून, मामा रजेवर येईपर्यंत ती उघडावयाची नाही असे आम्हांस बजावले आहे. आम्हीही त्या यंत्रास हात लावलेला नाही.

स्वाध्याय

१. एका खेळाचे चित्र ६४० व ४८० ठिपक्यांचे आहे. ८०० ठिपके उंचीच्या पडद्यावर ते प्रमाणात मोठे केल्यास रुंदी किती होईल?

२. ५० वॉट-तासांची बॅटरी १० वॉट खर्चाने किती तास पुरेल?

३. दुभाषी, सोंग आणि नवी मंडळी या तीन उपायांतील फरक आपल्या शब्दांत सांगा.

४. आपल्या घरातील अशी कोणती नोंद आहे की जिची प्रत आजच काढून ठेवली पाहिजे? वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.