मोडीचे सोने आणि न्यायाचा काटा

पवित्र कुरआनने मदयनवासीयांचा वृत्तान्त अनेक ठिकाणी सांगितला आहे. हे लोक व्यापारी होते. हजरत शुऐब (अ.) त्यांच्याकडे प्रेषित म्हणून आले, तेव्हा एका अल्लाहच्या उपासनेचे आवाहन केल्यानंतर लगेच त्यांनी काट्याचा विषय काढला. माप व वजन पूर्ण द्यावे आणि लोकांच्या वस्तूंमध्ये घट करू नये, असे त्यांनी आपल्या समाजाला बजावले (सूरह अल-आराफ, 7:85). या आज्ञेचे दोन भाग आहेत. पहिला भाग वजनाचा असून तो सर्वांच्या लक्षात येतो. दुसरा भाग वस्तूच्या किमतीचा आहे. समोरच्याच्या वस्तूला नावे ठेवून, तिचा खरा कस दडवून, ती स्वस्तात पदरात पाडून घेणे हेसुद्धा काटा मारण्याइतकेच निषिद्ध आहे. या दुसऱ्या भागाकडे आपले फारसे लक्ष जात नाही.

या आज्ञेची कसोटी पाहावयाची असेल तर सराफाच्या पेढीवर मोड घेऊन गेलेल्या माणसाकडे पाहावे. सोने घेतले जाते ते बहुधा आनंदाच्या प्रसंगी. मोडले जाते ते आजारपणात, मुलांच्या शिक्षणासाठी किंवा कर्ज फेडण्यासाठी. घेताना आपण चार दुकाने फिरतो. मोडताना मात्र मान खाली घालून एकाच दुकानात जातो आणि हाती पडेल ती रक्कम घेऊन परततो. हा संकोच समजण्यासारखा असला, तरी हक्क सोडून देण्यास तो कारण होऊ नये.

मोडीचा भाव कसा ठरतो?

मोडीच्या सोन्याची किंमत तीन गोष्टींवर ठरते: निव्वळ वजन, शुद्धता आणि त्या दिवसाचा दर. दागिना घेताना दिलेली घडणावळ व कर परत मिळत नाहीत, कारण जुना दागिना बहुधा वितळविला जातो आणि त्यातील कारागिरी तेथेच संपते. यात फसवणूक नाही. ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे अनेकांना विनाकारण लुबाडल्यासारखे वाटते.

शुद्धतेचे गणित सोपे आहे. 24 कॅरेट म्हणजे जवळजवळ शुद्ध सोने. 22 कॅरेटच्या हजार भागांत 916 भाग सोने असते आणि 18 कॅरेटमध्ये 750. समजा, एका हाराचे वजन 30 ग्रॅम आहे व त्यात खडे आणि लाख मिळून 2 ग्रॅम आहेत. निव्वळ वजन 28 ग्रॅम झाले. हार खरोखर 22 कॅरेटचा असेल तर त्यात 25.648 ग्रॅम शुद्ध सोने आहे. हिशेबाच्या सोयीसाठी शुद्ध सोन्याचा दर ग्रॅमला 10,000 रुपये धरला, तर किंमत 2,56,480 रुपये होते. तोच हार 20 कॅरेटचा आहे असे सांगितले गेले, तर किंमत सुमारे 2,33,000 वर येते. दोन कॅरेटच्या एका शब्दाने तेवीस हजारांहून अधिक रक्कम इकडची तिकडे होते.

यानंतर सराफ वितळणीची घट आणि स्वतःचा नफा वजा करतो. जुन्या दागिन्यांत डाक लावलेली असते, सांध्यांत मळ असतो. म्हणून घट ही खरी गोष्ट आहे. नफा घेणेही हलाल आहे. प्रत्येक पेढीचे प्रमाण वेगळे असते. आपल्याच दुकानातील माल परत घेताना काही सराफ कमी कपात करतात, बाहेरच्या मालावर अधिक करतात. त्यामुळे कपात किती हा प्रश्न जितका महत्त्वाचा, तितकाच ती उघडपणे सांगितली गेली की नाही हाही महत्त्वाचा आहे. परस्परांच्या राजीखुशीने झालेल्या व्यापाराखेरीज एकमेकांची मालमत्ता खाऊ नये, असा कुरआनचा आदेश आहे (सूरह अन-निसा, 4:29). जे ठाऊकच नाही त्याला राजीखुशी कशी म्हणता येईल?

बाजारभाव कळण्याचा हक्क

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळी काही व्यापारी गावाबाहेर जाऊन येणाऱ्या काफिल्यांना वाटेतच गाठत आणि बाजारभाव कळण्यापूर्वीच त्यांचा माल खरेदी करीत. प्रेषितांनी (स.) यास मनाई केली, आणि असा सौदा झालाच तर बाजारात पोहोचल्यावर तो मोडण्याचा अधिकार विकणाऱ्यास दिला. इमाम मुस्लिम यांच्या संग्रहात ही हदीस आहे. विकणाऱ्याचे अज्ञान हे घेणाऱ्याचे भांडवल होऊ नये, हा त्यातील बोध आहे.

आज भाव कळण्याची साधने आपल्या हाताशी आहेत. दररोजचा दर वृत्तपत्रात व मोबाइलवर मिळतो. दागिन्यावर हॉलमार्क असेल तर शुद्धतेचा वाद बराचसा मिटतो. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कचे दागिने सहा अक्षरांकी ओळख क्रमांकासह विकणे सराफांना बंधनकारक झाले असून, हा क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' अॅपवर पडताळून पाहता येतो. आजीच्या पाटल्यांवर असा शिक्का नसतो. त्या ब्युरोने मान्यता दिलेल्या परीक्षण केंद्रात ठरावीक शुल्क देऊन तपासून घेता येतात. पेढीवरील क्ष-किरण यंत्र मुख्यतः वरच्या थराची शुद्धता दाखविते, हेही लक्षात असावे. एकदा दागिना वितळला की माघार घेता येत नाही. म्हणून वजन, कॅरेट, दर आणि कपात हे चारही आकडे कागदावर लिहून घेतल्यावाचून तो भट्टीत जाऊ देऊ नये.

खैबरचा हार आणि खैबरचे खजूर

खैबरच्या प्रसंगी हजरत फजाला बिन उबैद (रजि.) यांनी सोने व मणी असलेला एक हार बारा दीनारांना विकत घेतला. सोने वेगळे करून पाहिले, तो एकट्या सोन्याचेच मोल बारा दीनारांहून अधिक भरले. त्यांनी ही गोष्ट प्रेषितांना (स.) सांगितली, तेव्हा असा दागिना त्यातील घटक वेगळे केल्याशिवाय विकला जाऊ नये, असे त्यांनी फर्माविले. दीनार हे सोन्याचे नाणे होते. म्हणजे हा सोन्याच्या बदल्यात सोन्याचा व्यवहार होता. त्या व्यवहाराचा नियम असा की, दोन्ही बाजूंचे वजन समान असावे आणि देवघेव त्याच बैठकीत, हातोहात व्हावी. अधिक दिले किंवा घेतले तर तो रिबा, म्हणजे व्याज होय.

या शास्त्राला फिकहमध्ये 'सर्फ' म्हणतात. मराठीतील 'सराफ' हा शब्द याच अरबी धातूपासून आला आहे. जो शब्द आपण रोज उच्चारतो, त्याच्यामागे असा शिस्तीचा एक संपूर्ण अध्याय उभा आहे.

आपल्याकडे हा नियम सर्वाधिक मोडला जातो तो जुने देऊन नवे घेताना. जुन्या बांगड्या काट्यावर ठेवल्या जातात, नवा हार पुढे केला जातो आणि फरक व घडणावळ तेवढी रोख दिली जाते. एका सोनाराने हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांना विचारले होते की, मी सोने घडवितो व मजुरीपोटी त्याच्या वजनाहून अधिक सोने घेतो, हे चालेल काय? त्यांनी मनाई केली. इमाम मालिक यांनी 'मुवत्ता'मध्ये हा प्रसंग नोंदविला आहे आणि बहुसंख्य फकीहांचे मतही असेच आहे.

मग मार्ग कोणता? तोही खैबरनेच दाखविला. तेथील कारभाऱ्याने उत्तम प्रतीचे खजूर आणले आणि सांगितले की, साधे खजूर दुप्पट देऊन हे घेतले. प्रेषितांनी (स.) यास मना केले आणि साधे खजूर दिरहमांना विकून त्या दिरहमांनी उत्तम खजूर घ्यावेत, असा मार्ग सांगितला. आपणही तेच करावे. जुने सोने आधी विकावे, त्याची रक्कम हाती अथवा खात्यात घ्यावी, आणि मग स्वतंत्र सौद्याने, स्वतंत्र पावतीवर नवा दागिना घ्यावा. पहिला सौदा दुसऱ्याच्या अटीवर बांधलेला नसावा. काहींना हा निव्वळ कागदी फरक वाटेल. परंतु पैसे हाती आले की जुन्या सोन्याचे खरे मोल किती ते कळते, आणि दुसऱ्या दुकानात जाण्याची मोकळीक राहते. हलालच्या या वाटेत आपले हितही आहे.

दागिना कोणाचा?

घरात अडचण आली की पहिली नजर पत्नीच्या दागिन्यांवर जाते. महरमध्ये दिलेले, माहेरहून आलेले अथवा तिला भेट मिळालेले सोने तिच्या मालकीचे आहे. तिने राजीखुशीने त्यातील काही दिले, तरच ते पतीला हलाल आहे (सूरह अन-निसा, 4:4). डोळ्यांतील पाणी लपवून दिलेल्या होकाराला राजीखुशी म्हणत नाहीत.

तिने दिले, तर ती भेट आहे की कर्ज, हे त्याच वेळी ठरवावे. कर्ज असेल तर सोने परत करावयाचे की रुपये, तेही लिहून ठेवावे. 28 ग्रॅम सोने उसने घेतले असेल, तर सोन्याचा भाव दुप्पट झाल्यावरही देणे सोन्याचेच राहते. 'विकून आलेले पैसे वापरा, नंतर द्या' असे ठरले असेल, तर देणे रुपयांचे राहते. कर्ज लिहून ठेवण्याचा आदेश सूरह अल-बकरात (2:282) आहे. पती-पत्नीही त्यास अपवाद नाहीत. कित्येक घरांतील कडवटपणा या एका न लिहिलेल्या ओळीतून जन्मास येतो.

दोन्ही बाजूंचे दायित्व

जबाबदारी एकट्या सराफाची नाही. दागिन्यात लाख भरलेली आहे, आतून तांब्याची तार आहे, हे ठाऊक असून लपविणारा विक्रेताही दोषी आहे. धान्याच्या राशीत हात घालून प्रेषितांनी (स.) आतील ओल बाहेर काढली होती आणि फसविणाऱ्याशी आपला संबंध नाही असे जाहीर केले होते. घेणाऱ्यानेही काढलेले खडे विचारल्याशिवाय ठेवून घेऊ नयेत. ते विकणाऱ्याचे आहेत.

आपल्यापैकी जे या व्यवसायात आहेत, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, मोड घेऊन आलेला माणूस बहुधा आपली अडचण सांगत नाही. त्याची निकड ओळखून भाव पाडणे सोपे असते. सूरह अल-मुतफ्फिफीनने स्वतः घेताना पुरेपूर घेणाऱ्या आणि इतरांना देताना कमी भरणाऱ्यांना विनाशाची ताकीद दिली आहे, आणि लगेच त्या महान दिवसाची आठवण करून दिली आहे, ज्या दिवशी सारी माणसे आपल्या पालनकर्त्यासमोर उभी राहतील. तेथेही एक तराजू असेल.

अल्लाह आपणा सर्वांना घेताना आणि देताना एकच काटा वापरण्याची सद्बुद्धी देवो, आपली कमाई पाक ठेवो आणि अडचणीत सापडलेल्यांची अडचण दूर करो. आमीन.