बालरुग्णालयाचा तातडीचा विभाग : गर्दी, क्रम आणि पालकांनी धरावयाचा आग्रह

बालरुग्णालयाच्या तातडीच्या विभागावरील भार केवळ रुग्णसंख्येने मोजता येत नाही. बाह्यरुग्ण विभाग बंद झाल्यानंतर साधी सर्दी, पडून फुटलेले कपाळ आणि धाप लागलेले अर्भक हे सारे एकाच दारातून आत येतात, आणि पावसाळ्यात त्यांत डेंग्यू-मलेरियाच्या रुग्णांची भर पडते. अशा वेळी ‘ट्रायाज’, म्हणजे आगमनाच्या क्रमाने नव्हे तर आजाराच्या गांभीर्यानुसार रुग्णांचा क्रम लावण्याची पद्धत, हाच त्या विभागाचा कणा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रशिक्षण-पुस्तिकेत आजारी मुलांचे तीन गट केले आहेत : ताबडतोब उपचार हवे असलेली, प्राधान्याने तपासावयाची आणि रांगेत थांबू शकणारी. श्वास अडणे, झटके, बेशुद्धी, हातपाय थंड पडून नाडी क्षीण होणे ही पहिल्या गटाची लक्षणे होत. दोन महिन्यांखालील वय, तीव्र वेदना, ग्लानी आणि दुसऱ्या डॉक्टरने तातडीने पाठवल्याची चिठ्ठी यांमुळे मूल दुसऱ्या गटात जाते.

चिठ्ठीचा उल्लेख येथे हेतुपुरस्सर केला आहे. प्रस्तुत विवेचनामागील प्रसंगात मुंबईतील एका रुग्णालयात पालकांनी ती खिडकीवर दिली, तेव्हा ती न उघडताच केस पेपरला टाचण्यात आली. मुलाचा ताप त्याच सकाळी उतरला होता, मात्र पोटदुखी आणि उलट्या थांबत नव्हत्या; त्यावर मान वर न करता मिळालेले उत्तर होते, “ताप नाही ना आता? मग बसा.” वास्तविक डेंग्यूमध्ये ताप उतरण्याच्या सुमारास, साधारणतः आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागण्याचा धोका सर्वाधिक असतो, आणि पोटदुखी, सततच्या उलट्या, हिरड्यांतून रक्त येणे व सुस्ती ही त्याची पूर्वसूचना असते. मोठ्याने रडणारी मुले आत नेली जात होती, आणि हे मूल जसजसे शांत होत गेले तसतसे मागे पडत गेले. अखेर दुसऱ्याच कामासाठी बाहेर आलेल्या एका निवासी डॉक्टरने जाता जाता त्याचा थंड हात धरून पाहिला, चिठ्ठी वाचली आणि लगेच सलाइन सुरू करवले. चिठ्ठी तीच होती, लक्षणेही तीच होती. फक्त ती वाचणारे कोणीतरी भेटले होते.

पालकांनी याबाबत केलेल्या तक्रारीवर ‘पेशंट लोड’ हे कारण देण्यात आले. ते ग्राह्य नाही, कारण गर्दी नसती तर क्रम लावण्याची गरजच उरली नसती. डॉक्टरांवरील हिंसाचाराविरुद्धच्या 2010 च्या कायद्याची पाटी भिंतीवर ठळकपणे लावलेली होती, आणि ती असावयासच हवी. कोणत्या मुलाने थांबू नये हे सांगणारी पाटी मात्र कोठेही नव्हती.

म्हणून पालकांनी खिडकीवर आजाराचा इतिहास नव्हे, तर धोक्याचे लक्षण प्रथम सांगावे : लघवी शेवटची केव्हा झाली, उलट्या किती झाल्या, ताप कोणत्या दिवशी उतरला. चिठ्ठी नुसती देऊ नये, ती वाचून घ्यावी आणि आगमनाची वेळ केस पेपरवर लिहून घ्यावी. मूल शांत असताना श्वास पूर्ण मिनिटभर मोजावेत. दोन महिन्यांखाली 60, वर्षाच्या आत 50 आणि एक ते पाच वर्षांत 40 किंवा अधिक श्वास म्हणजे धाप समजावी. डेंग्यूची शंका असल्यास आयब्युप्रोफेन व ॲस्पिरिन टाळावे आणि पॅरासिटामॉल वजनानुसार द्यावे. थांबावे लागले आणि मूल सुस्तावले, तर पुन्हा तपासणी मागावी व “लाइनमध्ये या” या उत्तरावर परत फिरू नये. कागदपत्रे जवळ ठेवावीत, संयम पाळावा.

साध्या सर्दीसाठी तातडीच्या विभागात येऊ नये, हा पालकांना वारंवार केला जाणारा उपदेश योग्यच आहे. परंतु आलेल्यांतून गंभीर मूल ओळखणे हे रुग्णालयाचे कर्तव्य असून, ते पालकांना पार पाडावे लागते तेव्हा त्याला पालकांची जागरूकता म्हणून गौरवण्याचे कारण नाही.