पीएचडीआधी खुरपणी पाहा

सार्वजनिक आरोग्यात पीएचडी करायची आणि विषय घ्यायचा शारीरिक हालचाल, असं मनाशी धरलेल्या बार्शीकडच्या मुलामुलींना माझं कळकळीचं सांगणं आहे: हालचाल मोजणार कशी, हे नोंदणीआधी पक्कं करा. विषय सोपा दिसतो आणि फसगत तिथेच होते. जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावली आयती मिळते, गावोगाव विचारून तक्ते निघतात, प्रबंधही उभा राहतो. पण त्या तक्त्यांत गाव सापडेलच असं नाही. ही प्रश्नावली नेहमीच्या आठवड्यातली, सलग किमान 10 मिनिटांची हालचाल विचारते. माघात ज्वारी काढून, कणसं खुडून, कडब्याच्या पेंढ्या बांधणाऱ्या बाईनं वैशाखात विचारल्यावर कुठला आठवडा नेहमीचा म्हणायचा? प्रश्नांऐवजी हालचाल मोजणारं यंत्र लावलं की झालं, असं वाटणाऱ्यांनी खुरपणी जवळून पाहावी. बाई उकिडवी बसून पात धरते, वीतवीत पुढे सरकते. राबतात ते हात, खांदे, पाठ. कमरेच्या अ‍ॅक्सिलरोमीटरच्या लेखी ती जवळपास बसूनच असते.

मोजणीवर एवढा भर कशाला, असं गाइडही विचारतील. कारण कष्ट आणि व्यायाम एकाच बेरजेत टाकले की निष्कर्षच उलटतो. पुण्याजवळच्या 6 गावांतल्या गर्भवतींवर शोभा राव आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी आधी बायकांची रोजची कामं पाहिली, गटचर्चा घेतल्या, मग प्रश्न बनवले. शेतातले आणि घरातले कष्ट जास्त, तिथे बाळं आकारानं लहान, असं त्यांना आढळलं. अशा बाईला ‘हालचाल वाढवा’ सांगणं हा अन्यायच. महाराष्ट्रासह चार ठिकाणच्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत (2014) 54.4 टक्के लोक निष्क्रिय ठरले आणि फुरसतीत व्यायाम करणारे 10 टक्क्यांहून कमी निघाले. हे आकडे मोलाचे आहेत, पण तालुक्यातल्या शेतमजूर बाईबद्दल त्यांतून थेट काही काढता येत नाही. कार्यकारणाचा पेच आणखी वेगळा. लंडनच्या बसमध्ये सतत चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी, हे संशोधक जेरी मॉरिस यांनी 1953 मध्ये मांडलं. पुढे 1956 मध्ये त्यांनीच सहकाऱ्यांसह गणवेशांची मापं तपासली, तर ड्रायव्हरांच्या पँटी कमरेला मुळातच मोठ्या निघाल्या. म्हणजे फरक काही अंशी नोकरीआधीचाच होता. स्वतःच्याच निष्कर्षाची अशी उलटतपासणी करणारा गाइड मिळाला तर सोडू नका.

जगन्मान्य प्रश्नावली मोडली तर तुलना कशी होणार, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून ती मोडू नका. मूळ प्रश्न तसेच ठेवा, जोडीला हंगामाचं कोष्टक द्या आणि थोड्या लोकांच्या दिवसभराच्या कामाची प्रत्यक्ष पाहून नोंद करा. वेळ कुठे आहे, हा दुसरा आक्षेप. यूजीसीच्या 2022 च्या नियमांत किमान 3 वर्षं आहेत; जिल्हा घेतलात तर ती पुरणार नाहीत, मोजकी गावं घेतलीत तर दोन हंगाम बसतात. लहान नमुन्याला मान कोण देईल, ही भीती बार्शीत तरी बाळगू नये. 1987 मध्ये इथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली ती बार्शी, परांडा आणि भूम या 3 तालुक्यांपुरतीच. रुग्ण दवाखान्यात येईल म्हणून वाट पाहिली असती तर नोंदी अपुऱ्याच राहिल्या असत्या. कार्यकर्ते गावात गेले, बैठका घेतल्या, लक्षणं असलेल्यांना तपासणीपर्यंत आणलं. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये अशा गावभेटींना वेळ आणि प्रवासखर्च धरला आहे का, ते आधी बघा.