बाळाच्या रक्तातले शिसे

गागोदे बुद्रुकच्या अंगणात मूल रांगते. दिसेल ते तोंडात घालते. जुन्या दाराच्या रंगाचा पोपडाही घालते. त्या रंगात शिसे असू शकते. शेंदूर तर शिशापासूनच करतात. तो देवाला खुशाल वाहावा. बाळाच्या हाताला लागू देऊ नये.

पोटात गेलेले शिसे रक्तात उतरते, मेंदूपर्यंत जाते. मुलाची शिकण्याची ताकद घटते. ताप नाही, पुरळ नाही. मग आईला कळणार कसे? रक्त तपासले तरच कळते.

सन १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुंबई व दिल्लीतल्या तीन वर्षांखालच्या मुलांचे रक्त तपासले. पुष्कळांच्या रक्तात शिसे जास्त निघाले. अशा पाहणीला यंत्रे लागतात, जाणती माणसे लागतात. तो खर्च मुख्यतः अमेरिकेच्या सरकारने दिला. आपल्या लेकरांची चौकशी परक्याच्या पैशावर व्हावी, हे आम्हांला बरे वाटत नाही. काडेपेटी घेताना आपणही कर भरतोच की! त्यातला पैसा या कामाला लागावा.

सन २००० मध्ये शिशाचे पेट्रोल देशभर बंद झाले. सन २०१७ पासून घराच्या रंगातल्या शिशावर मर्यादा आली. जुन्या दारावरचा रंग मात्र तसाच आहे. आणि रक्ताची ती तपासणी दोनच शहरांत झाली. गागोद्यासारख्या गावातले एकही बाळ तीत नव्हते.