बरे होणे म्हणजे काय?

मुंबईत शीव कोळीवाडा ही कोळ्यांची जुनी वस्ती आहे. समजा, तिथल्या एका मावशीला स्किझोफ्रेनिया झाला. हा मनाचा आजार आहे. जवळ कोणी नसताना तिला बोलणे ऐकू येई. शेजारीण जेवणात विष कालवील, असे वाटे. तिचे मासळी विकणे सुटले. घरच्यांनी आधी अंगारा लावला, मग शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात नेले. औषध सुरू झाले. आवाज कमी झाले, पण पुरते गेले नाहीत.

मुलगा विचारतो, "डॉक्टर, आई बरी कधी होणार?"

डॉक्टर म्हणतात, "ती दिवसभर करते काय?"

"काही नाही. आम्ही करूच देत नाही."

इथेच आपण चुकतो. ताप उतरतो तसा आजार उतरला, गोळ्या संपल्या, म्हणजे माणूस बरा, असे आपण धरून चालतो. काहींचे तसे होतेही. पुष्कळांना मात्र गोळ्या वर्षानुवर्षे घ्याव्या लागतात. (त्या आपल्या मनाने बंद करू नयेत.) साखरेच्या आजाराचा माणूस रोज गोळी घेतो आणि शेतही कसतो. त्याला आपण निकामी म्हणतो काय?

मानसिक आजाराने आलेले अपंगत्व मोजताना आपले डॉक्टर चार गोष्टी बघतात. माणूस स्वतःची निगा राखतो का, इतरांशी कसा वागतो, बोलणे त्याला समजते का, आणि काम करतो का. यांत सुधारणा झाली, की माणूस बरा होऊ लागला असे ते मानतात. मग थोडे आवाज उरले तरी चालतील.

तेव्हा मावशी आधी नुसती जावेशेजारी बाजारात बसली. पुढे मांदेलीचे वाटे लावू लागली. एकदा आवाज आला. "आज डोक्यात गलका आहे गं," ती जावेला म्हणाली, चहा प्याली, पुन्हा कामाला लागली. पैशांची पिशवी द्यायला मात्र मुलगा कचरत होता. ती मिळाली तेव्हा मावशी खरी दुकानदारीण झाली.

काही घरे बऱ्या झालेल्या माणसाला परत नेतच नाहीत. २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा सांगतो, घरचे नेत नाहीत एवढ्याच कारणाने कोणाला इस्पितळात ठेवता येत नाही.

सल्ला हवा असेल तर १४४१६ हा सरकारी फोन आहे. तो रात्रंदिवस चालतो. पैसे पडत नाहीत. मराठीत बोलता येते.