ब्रेल टिपणयंत्रावर इंग्रजी मोठी लिपी

मराठीत लहान लिपी व मोठी लिपी असा भेद नाही. त्यामुळे १९५१ साली निश्चित झालेल्या भारती ब्रेलवर वाढलेल्या अंध विद्यार्थ्याला हा भेद प्रथम इंग्रजीच्या तासालाच भेटतो. ज्या शाळेत असा एखादा विद्यार्थी असून त्यास विद्युत् टिपणयंत्र मिळाले आहे, तेथील शिक्षकांनी पुढील गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी.

ब्रेलमध्ये मोठ्या लिपीची निराळी अक्षरे नाहीत. अक्षर तेच, त्याच्या आधी सहाव्या टिंबाची खूण येते. यंत्रावर डाव्या हाताच्या तर्जनी, मध्यमा व अनामिका यांखाली अनुक्रमे १, २, ३ आणि उजव्या हाताच्या त्याच बोटांखाली ४, ५, ६ या कळा असतात. ‘अमोल’ हे नाव इंग्रजीत लिहिताना प्रथम एकटी ६ ची कळ दाबून सोडावी, नंतर ‘ए’साठी १ ची कळ दाबावी. पुढील अक्षरे नेहमीप्रमाणे. सबंध शब्द मोठ्या लिपीत हवा असल्यास, जसे एस. टी. गाडीवरील ‘एसटी’, ६ ची कळ लागोपाठ दोनदा दाबावी.

चूक होते ती येथेच. घाईत मूल ६ व १ या कळा एकदमच दाबते. या दोन टिंबांचे मिळून मराठीत ‘छ’ होते आणि इंग्रजी संक्षिप्त ब्रेलमध्ये ‘सी-एच’ ही जोडी होते. छापून आलेल्या कागदावर ‘ए’च्या जागी ‘सी-एच’ पाहून शिक्षक स्पेलिंगचे गुण कापतात. वास्तविक मुलाचे स्पेलिंग पक्के असते, घसरलेली असतात ती बोटे. असे गुण कापणे अन्यायाचे होय. आणखी एक घोटाळा संभवतो. मराठी ब्रेलमध्ये हेच सहावे टिंब विसर्गाचे असून ते अक्षराच्या नंतर येते. तो सराव इंग्रजीत आड येतो. ‘मराठीत मागून, इंग्रजीत आधी’ असे मुलाकडून म्हणवून घ्यावे. तपासणी केवळ कानावर सोपवू नये. यंत्र मोठ्या व लहान लिपीतील शब्द बहुधा सारखाच उच्चारते. यास्तव लिहिलेले नाव उठत्या टिंबांच्या पट्टीवर बोटाने वाचावयास सांगावे.

काही यंत्रांना आठ कळा असतात. सातवे टिंब तिसऱ्याच्या खाली असते. संगणकी ब्रेल चालू असता रीत उलटी होते: खूण आधी न देता अक्षराच्या कळांबरोबरच ७ ची कळ दाबावयाची. ती एकटी दाबल्यास अनेक यंत्रांत मागील अक्षर पुसले जाते. संकेतशब्द लिहिताना बहुधा हीच रीत लागते, आणि तेथे लहान-मोठ्या लिपीचा फरक पडला तर यंत्र दार उघडत नाही. म्हणून सहा टिंबांची रीत पक्की होण्यापूर्वी ही दुसरी रीत शिकवू नये.