कासवाच्या पिल्लाचे घर

(प्राण्याला घर देणे म्हणजे त्याला पेटीत ठेवणे नव्हे. त्याच्या शरीराला काय हवे, हे आधी समजून घ्यावे लागते. जमिनीवर राहणाऱ्या कासवाच्या पिल्लाला कसे घर लागते आणि आपल्या देशात ते घर कोठे आहे, हे या पाठात सांगितले आहे.)

ससा आणि कासव यांच्या शर्यतीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. शर्यत कोणी जिंकली, हे सर्वांना ठाऊक असते. पण ते कासव कोठे राहत होते, काय खात होते, हे कोणी विचारत नाही.

कासव आपले घर पाठीवर घेऊन फिरते, असे लोक म्हणतात. हे खरे नाही. पाठीवरचे कवच हे घर नसून कासवाच्या शरीराचाच भाग आहे. पाठीचा कणा आणि बरगड्या त्या कवचाला आतून जोडलेल्या असतात. म्हणून कासवाला कवच सोडून बाहेर येता येत नाही. घर त्याला वेगळेच लागते.

आपले शरीर स्वतः ऊब तयार करते. कासवाचे तसे नसते. थंडी वाटली की ते उन्हात जाऊन बसते. अंग तापले की सावली शोधते. अंगात पुरेशी ऊब नसेल तर त्याला खाल्लेले अन्नही पचत नाही. त्यामुळे त्याच्या घरात ऊनही हवे आणि सावलीही हवी.

ही साधी गोष्ट न कळल्यामुळे फार मोठे नुकसान झाले आहे. मोरोक्को आणि भूमध्य समुद्राजवळच्या इतर प्रदेशांत जमिनीवरची कासवे आढळतात. विसाव्या शतकात तेथून लाखो कासवे पकडून ब्रिटनमध्ये नेण्यात आली. ती स्वस्त मिळत. मुले हौसेने विकत घेत, बागेत सोडत आणि पाव-दूध खायला देत. पण तेथील हवा थंड व दमट आणि ऊन थोडे! पुष्कळ कासवे पहिल्याच वर्षी मरून गेली. शेवटी १९८४ मध्ये रानातून पकडलेल्या या कासवांच्या व्यापारावर बंदी आली. आता तेथे माणसांच्या देखरेखीखाली जन्मलेली पिल्लेच कागदपत्रांसह विकता येतात.

असे पिल्लू पाळणारे लोक आता त्याचे घर कसे तयार करतात, ते पाहू.

अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले पिल्लू ३ ते ४ सेंटीमीटर लांब असते. त्याच्यासाठी वरून उघडा असा ऐसपैस लाकडी खोका घेतात. काचेची पेटी घेत नाहीत. काचेतून पलीकडचे दिसते, म्हणून पिल्लू पुढे जाण्यासाठी तिला सारखे धडकत राहते. खोक्यात माती आणि थोडी वाळू यांचा जाड थर पसरतात. पिल्लाला त्यात अंग पुरून घेता आले पाहिजे. माती किंचित ओलसर ठेवतात. फार कोरड्या जागी वाढलेल्या पिल्लाच्या कवचावर उंचवटे येतात आणि कवच बेढब होते.

खोक्याच्या एका टोकाला वर दिवा लावतात. दिव्याखाली ३० ते ३५ अंश सेल्सिअस इतकी ऊब असते. दुसरे टोक थंड ठेवतात. तेथे लपण्यासाठी छोटा आडोसा करतात. कोठे बसायचे, हे पिल्लू स्वतः ठरवते. या घरातली ही सर्वांत महत्त्वाची सोय आहे.

सूर्याच्या अतिनील किरणांमुळे कासवाच्या शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते. ते नसेल तर अन्नातले कॅल्शियम अंगी लागत नाही आणि कवच मऊ पडते. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात हे किरण फारसे उरत नाहीत. म्हणून बाहेर ऊन नसेल तेव्हा त्या किरणांचा खास दिवा लावावा लागतो. पाण्याचे भांडे उथळ असते, नाहीतर पिल्लू बुडेल. खाण्यासाठी रानातल्या तणांची पाने देतात. पाव आणि दूध मुळीच देत नाहीत. कासवाला हात लावल्यावर साबणाने हात धुतात, कारण त्याच्या अंगावर साल्मोनेला नावाचे रोगजंतू असू शकतात.

एवढे सगळे एक-दोन महिने करून भागत नाही. ही कासवे ५० वर्षांहून अधिक जगू शकतात. आज शाळेत जाणारा मुलगा आजोबा होईपर्यंत त्याला ही काळजी घ्यावी लागेल!

आता आपल्या देशाकडे वळू. भारतात तारांकित कासव आढळते. त्याच्या काळपट कवचावर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असतात. वाळलेल्या गवतात या रेषांमुळे ते चटकन दिसत नाही. राजस्थान, गुजरात, आंध्र प्रदेश, तमिळनाडू अशा राज्यांतील कोरडी, काटेरी झुडपांची माळराने हे त्याचे घर. खोक्यात दिवा, माती, आडोसा आणि पाने अशा ज्या गोष्टी माणूस मांडतो, त्या सर्व तेथे आयत्या आहेत. ऊन आहे, झुडपाची सावली आहे आणि पावसाळ्यात कोवळे गवत आहे.

पण त्याचे हे सौंदर्यच त्याचे वैरी झाले आहे. चोरटे लोक पिल्ले पकडतात आणि पिशव्यांत कोंबून परदेशात पाठवतात. वाटेतच कित्येक पिल्ले मरतात. २०१९ मध्ये जिनिव्हा येथील परिषदेत भारताने इतर काही देशांसह मागणी केली आणि या कासवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. आपल्या देशात तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते पकडणे, विकणे किंवा घरी ठेवणे हा गुन्हा आहे.

मुलांनो, कोणी तुम्हांला असे पिल्लू विकत देऊ लागला तर घेऊ नका. ते विकत घेतले, तर पकडणारा उद्या आणखी दहा पिल्ले पकडून आणील. जखमी कासव सापडले तर मोठ्या माणसांना सांगून वनविभागाला कळवा. माळावर आपल्या वाटेने चाललेले कासव दिसले, तर लांबूनच पाहा आणि त्याला जाऊ द्या. ते आपल्या घरीच असते.

शब्दार्थ
कासव – कछुआ
कवच – पाठीवरचे कठीण आवरण, ख़ोल
ऊब – गरमी
आडोसा – आड, ओट
उथळ – खोल नसलेले
माळरान – झाडे कमी असलेली मोकळी, कोरडी जमीन

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कासवाला कवच सोडून बाहेर का येता येत नाही?
(आ) पिल्लासाठी काचेची पेटी का घेत नाहीत?
२. कारणे लिहा.
(अ) ब्रिटनमध्ये नेलेली पुष्कळ कासवे मरून गेली.
(आ) पाण्याचे भांडे उथळ असावे लागते.
३. विरुद्धार्थी शब्द लिहा : ऊन, ओले, स्वस्त, मऊ.
४. तुमच्या मित्राला तारांकित कासव विकत घ्यायचे आहे. त्याला समजावणारे पाच-सहा ओळींचे पत्र लिहा.